हौदाचं पाणी आणि सुभद्रेची पेज

उभी हयात पाण्यात नोकरी केली, पण कुणाची तहान भागवल्याचं पुण्य माझ्या पदरी नाही. ‘पाणी तपासत होतो’ असं सांगितलं की लोकांना वाटतं, हा नळखात्यात असणार, नाहीतर पटकीच्या साथीत विहिरींत औषध टाकत हिंडत असणार. मग मला खरं सांगावं लागतं. मुंबईच्या एका गुजराती शेठचा नागावला समुद्रालगत बंगला होता, बंगल्यामागे पोहण्याचा हौद होता आणि त्या हौदाचं पाणी मी सांभाळत होतो. यावर माणसं हसतात. पाणी काय गुरासारखं पळून जातं, की त्याला सांभाळायला मास्तर ठेवायचा? गावातही मला ‘पाणीमास्तर’ म्हणत, आणि म्हणताना निम्मे लोक तोंड फिरवून हसत. हसोत बापडे. त्या कामाचा मला अभिमान होता, आजही आहे.

मूळचा मी पोयनाडकडच्या भातशेतीच्या गावातला. मुंबईत एका इस्पितळाच्या रसायनशाळेत बाटल्या धुवायला लागलो. रंगांतला बारीक फरक मला चटकन कळतो हे तिथल्या साहेबांनी हेरलं आणि हळूहळू पाणी तपासायला शिकवलं. बायको मानमोडीच्या तापाच्या साथीत चार दिवसांत गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर मुंबईची खोली मला खायला उठे. सव्वीस सालच्या सुमारास साहेबांचे ओळखीचे एक शेठ नागावला हौद बांधून घेत होते, त्यांना माणूस हवा होता. मी विचार न करता हो म्हटलं. एकटेपणातून सुटायला गेलो आणि त्याहून मोठ्या एकटेपणात जाऊन पडलो.

हौद तीस हात लांब. एका टोकाला गळ्याइतकं पाणी, तिथून तळ चढत चढत दुसऱ्या टोकाला गुडघ्याइतका उथळ, आणि शेवटी बाहेर यायला तीन पायऱ्या. पाणी शेजारच्या विहिरीचं, रहाटानं ओढलेलं. उन्हाळ्यात ते फारसं त्रास देत नसे. खरी परीक्षा पावसानंतर. लोकांना वाटतं, पावसाचं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी. पण हौदात ते एकटं येत नाही. माडाचा काडीकचरा आणतं, वाडीतली तांबडी माती आणतं, बेडूक आणतं. वर आधी टाकलेलं औषध पातळ करून टाकतं, आणि उरलंसुरलं तो पालापाचोळा खाऊन टाकतो. दोन दिवसांत पाणी हिरवं दिसू लागतं.

मग माझं काम सुरू. आधी जाळीनं कचरा काढायचा. तुरटी फिरवून गाळ खाली बसवायचा. तुरटीनं पाणी आंबटतं आणि मग डोळ्यांना झोंबतं, म्हणून निळा लिटमस कागद बुडवून बघायचा. तो तांबूस झाला तर चुन्याची निवळी घालून पाणी जाग्यावर आणायचं. शेवटी जंतू मारायला ब्लीचिंग पावडर. ती पुरेशी पडली की नाही हे बघायची युक्ती गमतीची आहे. पांढऱ्या वाटीत हौदाचं पाणी घ्यायचं, त्यात आयोडाइडचे दोन कण आणि थोडी खळ टाकायची. पाण्यात औषध शिल्लक असेल तर निळा रंग येतो. फिकट आकाशी आला तर पाणी ठीक. धुण्याच्या निळीसारखा गडद आला तर औषध जास्त. काहीच आलं नाही तर औषध संपलं, आणखी घाला. सगळी नोकरी त्या आकाशी रंगावर.

खळ साहेबांनी आरारोटाची करायला शिकवली होती. पण आमच्या दमट हवेत ती दोन दिवसांत नासे. मग मी आपली भाताची पेजच वापरू लागलो. पेजेतही तीच खळ असते. रोज सकाळी चुलीवर पेज व्हायचीच. त्यातली चमचाभर वाटीत, बाकीची पोटात. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी माझे कान उपटले असते, पण पेजेनं मला कधी दगा दिला नव्हता.

तऱ्हेवाईक माणसं पुष्कळ भेटली. एका दिवाळीला शेठचे वकील पाहुणे अंगभर तेल-उटणं चोळून थेट हौदात उतरले. त्यांना वाटलं, हौद अभ्यंगस्नानासाठीच बांधलाय. पाण्यावर तेलाची साय आली, ती मी तीन दिवस जुनी धोतरं फिरवून उतरवत होतो. एका गणपतीत समुद्र खवळला होता, तर गावचे चार कर्ते पुरुष टाळ-मृदंगासकट गणपती बोळवायला हौदावर आले. “मास्तर, देवाला नको म्हणू नका.” मी देवाला नको म्हटलं नाही, देवाच्या रंगाला म्हटलं. वर्षभर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. एरवीही फार बोलत होते असं नाही.

पावसाळ्याचे चार महिने सर्वांत वाईट. मुंबईची बोट बंद, बंगल्याच्या खोल्यांना कुलपं, खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी. रोज सकाळी मी वाटी घेऊन हौदावर जायचो, रंग बघायचो आणि वहीत लिहायचो. ज्या पाण्यात कुणी पाय घालणार नव्हतं, त्याची मी रोज तब्येत विचारत होतो. कधी कधी “आज बरं आहे” असं मोठ्यानं बोलायचो. उत्तर येणार नाही हे माहीत असायचं, तरी आपलाच आवाज ऐकून बरं वाटायचं.

पाऊस सरला की रहाट सुरू व्हायचा. रहाटाची ती कुरकुर ऐकली की माझा जीव हलका व्हायचा, कारण रहाटावर सुभद्रा असे. शेजारच्या वाडीवाल्याची ती विधवा बहीण, तिशी ओलांडलेली. विहीर दोघांत सामाईक, त्यामुळे आमच्या हौदाचं पाणीही तीच ओढायची. बैलामागून गोल गोल फिरत निवडुंगाच्या वईपलीकडून, म्हणजे कुंपणापलीकडून, माझ्याशी बोलायची. “मास्तर, आज आबाल आलाय त्या वाटीत का न्हाय?” आकाशी रंगाला ती आभाळ म्हणे. जात तिची वेगळी, माझी वेगळी. वई ओलांडून ती कधी आली नाही, मी कधी गेलो नाही. पण दिवसातून चार वाक्यं मला बोलायला मिळत, ती बहुतेक तिचीच.

आता ताराबद्दल. शेठची ही धाकटी मुलगी. लहानपणी ताप येऊन तिचे पाय लुळे पडले होते. जमिनीवर ती उभी राहू शकत नसे, पण पाणी माणसाचं वजन उचलतं ना, त्यामुळे गळाभर पाण्यात ती चालायची. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं: खोल पाण्यातून हळूहळू उथळ पाण्यात यायचं, जितकं उथळ तितका भार पायांवर. हौद बांधला होता तो तिच्यासाठीच. नवव्या वर्षी ती खोल टोकाला, तिला सांभाळणाऱ्या आयेचा हात धरून चालली. दर सुट्टीत थोडी थोडी पुढे सरकली. ती जिथवर पोचे तिथे भिंतीवर मी खिळ्यानं रेघ मारून ठेवी. तेराव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ती मांडीभर पाण्यात एकटी चालली. पायऱ्या दोन हातांवर राहिल्या. “दसऱ्याला येईन तेव्हा पायऱ्या चढून बाहेर येणार,” असं तिनं मला बजावलं होतं. तिच्या आईनं त्या दिवसासाठी चांदीचे तोडे करून ठेवले होते.

तिचा माझा एक खेळ होता. पाणी नितळ आहे की नाही हे बघायला मी खोल टोकाला एक पांढरी कवडी टाकत असे. वरून कवडी उताणी की उपडी हे कळलं, म्हणजे पाणी निवळलं. तारा हौदावर आली की पहिल्यांदा विचारायची, “मास्तर, चत्ती की ऊंधी?” मी मुद्दाम खोटं सांगायचो. मग ती पाण्यात डोकं घालून, डोळे उघडून बघायची आणि माझी फजिती करायची. पाण्यात डोळे उघडायला तिला मीच शिकवलं होतं. माझ्या पाण्यावर माझा तेवढा विश्वास होता.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर हस्ताचा पाऊस असा काही कोसळला की वाडीतली माती सरळ हौदात आली. शेठकडची मंडळी दोन दिवसांवर. मी भर पावसात जाळी घेऊन उतरलो, दिवसभर गाळ उपसला, रहाटाचं नवं पाणी भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी अंगात ताप आणि पडसं इतकं की नाक दोन्हीकडून बंद. तरी तुरटी फिरवली, चुना घातला, पावडर टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून चूल पेटवायची ताकद नव्हती. तेवढ्यात परसदारी पावलं वाजली. सुभद्रा पहिल्यांदा वई ओलांडून आली होती. हातात कल्हईचं भांडं.

“मास्तर, तुमची चूल दोन दिस थंडच हाय. पेज आणलीय. ऊन हाय तवर प्या.” मग जरा थांबून म्हणाली, “आमच्या हातची चालल ना?”

“न चालायला काय झालं?” म्हणत मी भांडं तोंडाला लावलं. ती उभी राहून बघत होती. मी चार घोट घेतले तशी हसली आणि बैल खोळंबलाय म्हणून निघून गेली. तोंडाला चव अजिबात नव्हती, पण पोटात ऊब गेली. तळाशी उरलेली पेज मी प्यायलो नाही. ती तपासणीला ठेवली.

वाटीत पाणी घेतलं, आयोडाइड टाकलं, पेज पातळ होती म्हणून दोन चमचे घातली. निळा रंग आला नाही. मी चकित झालो नाही. पावसाळ्यात डबा सादळतो आणि पावडरीचा जोर जातो, हे नेहमीचं. म्हणून नवा, मोहोर लावलेला डबा फोडला आणि पुन्हा माप टाकलं. पाणी ढवळलं, अर्धा तास थांबलो, पुन्हा वाटी. तरी पांढरी. पालापाचोळा जास्त गेलाय, तोच औषध खातोय, असं म्हणून तिसऱ्यांदा टाकलं. आता कुठे फिकट आकाशी रंग आला. मी वहीत ‘पाणी योग्य’ असं लिहिलं. एरवी एवढी पावडर पडल्यावर वासानंच मी मागे सरलो असतो. त्या दिवशी माझं नाक बंद होतं.

दुपारच्या आत गाडी आली. तारा जेवायलाही थांबली नाही. आयेनं तिला खोल टोकाला उतरवलं.

“मास्तर, चत्ती की ऊंधी?”

“उपडी,” मी म्हणालो. कवडी उताणी होती.

तिनं डोकं पाण्यात घातलं. पुढची किंकाळी मला इथे लिहून दाखवता येत नाही. तिला बाहेर काढली तेव्हा डोळे लाल गुंज झाले होते आणि ती दोन्ही मुठींनी ते चोळत होती. मी स्वच्छ पाण्यानं धुतले, घडेचे घडे ओतले. मग गाडी तशीच अलिबागला डॉक्टरांकडे. नजर वाचली, पण आठ दिवस पट्टी. पट्टीसकटच तिला मुंबईला परत न्यायचं ठरलं.

मी शेठसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “औषध जास्त पडलं. चूक माझी.”

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “मास्तर, भूल माणसाचीच होते ने.” आणि आत गेले.

गाडीत बसवताना तारानं हात पुढे केला. मी पुढे झालो. तिनं माझी बोटं चाचपली आणि विचारलं, “मास्तर, आज चत्ती की ऊंधी? मला दिसत नाही.” मी म्हणालो, “उताणी, बाई. तू जिंकलीस.” त्यानंतर ती नागावला कधीच आली नाही. पाण्याची तिनं इतकी धास्ती घेतली, की मुंबईत घंगाळातही पाय घालायला तयार होत नसे, असं पुढे शेठच्या मुनीमजींकडून कळलं. ती चालली नाही. चाकांच्या खुर्चीत वाढली. पायऱ्या दोन हातांवर राहिल्या त्या राहिल्याच.

ते गेल्यावर दोन दिवस मी डोकं धरून बसलो. वाटीत रंग का आला नाही, हे मला उलगडेना. तिसऱ्या दिवशी पडसं उतरलं. सकाळी सुभद्रा पुन्हा भांडं घेऊन आली. तिचं तोंडही उतरलेलं होतं, ताराला ती पोरीसारखी मानत असे. भांडं ओट्यावर ठेवून ती रहाटाकडे गेली. मी झाकण काढलं आणि वाफेबरोबर लिंबाचा वास आला.

तापकऱ्याच्या तोंडाला चव यावी म्हणून तिनं पेजेत अख्खं लिंबू पिळलं होतं. पहिल्या दिवशीही पिळलं असणार.

मी भांडं तसंच हौदावर नेलं. वाटीत पाणी घेतलं, आयोडाइड आणि माझ्या साध्या पेजेचा चमचा टाकला. वाटी गडद निळी झाली. तीन दिवसांनीसुद्धा. मग तिच्या पेजेचे चमचे टाकू लागलो, आणि तो निळा रंग माझ्या डोळ्यांदेखत विरत विरत पांढरा झाला. लिंबू तो रंग खाऊन टाकतं. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं. हातातलं भांडं मला सोसवेना. ते मी तिथल्या तिथे माडाच्या आळ्यात उपडं केलं आणि विसळून विसळून धुतलं.

मान वर केली तर रहाट थांबलेला. बैलाचा कासरा हातात धरून सुभद्रा वईपलीकडे उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं.

“मास्तर, आमच्या हातचा चालत न्हाय त सरल सांगाचा व्हता. त्या दिशी माज्यासमोर कशाला प्यायलात?”

“तसं नाही, सुभद्रा.”

“मंग काय वायट व्हता पेजेत?”

मी काय सांगणार होतो? तुझ्या लिंबानं पोरीचे डोळे भाजले, असं? ती आयुष्यभर स्वतःला दोष देत बसली असती, आणि दोष तिचा नव्हताच. चाखल्या-हुंगल्याशिवाय दुसऱ्याच्या घरची पेज वाटीत घालणारा मास्तर मी होतो. आज इतक्या वर्षांनी हेही कबूल करतो की सगळाच काही थोरपणा नव्हता. रंगाच्या जोरावर मिरवणारा माणूस एका लिंबाला फसला, हे त्या बाईसमोर बोलायला मला लाज वाटली.

“काही नाही,” मी म्हणालो.

तिनं भांडं मागून घेतलं. मी वईवरून दिलं तेव्हा माझ्या बोटांना लागू नये असं तिनं ते कडेला धरलं. रहाट पुन्हा सुरू झाला.

महिन्याभरात शेठचं पत्र आलं, हौद बुजवून टाका. वाडीतली तांबडी माती, जी मी वर्षानुवर्षं जाळीनं काढत होतो, तीच टोपल्यांनी आत ओतली. भिंतीवरच्या ताराच्या रेघा एकेक करून दिसेनाशा झाल्या, शेवटची सर्वांत उशिरा. वर केळी लावल्या. शेठ भले, त्यांनी मला काढलं नाही, बंगल्याची राखण दिली. तिथे मी पुढे सात वर्षं राहिलो. रहाट वाजायचा, सुभद्रा फिरायची, पण वईपलीकडून शब्द यायचा नाही. समोरून आली तर पदर सावरून बाजूला व्हायची. कितीदा ठरवलं, आज सांगू. वईपर्यंत जायचो आणि बैलाकडे बघून परत यायचो. मग मी गावी परतलो.

दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहा म्हटल्यावर मी आधी गमतीच्याच लिहिणार होतो. वकील आणि गणपती झाले की थांबायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. सुभद्रेला वाचता येत नाही. ती आहे की नाही हेही मला माहीत नाही. पण हा अंक नागावात कुणाच्या हाती पडला आणि रहाटाच्या विहिरीजवळ म्हातारी सुभद्रा भेटली, तर तिला माझा एवढा निरोप द्या: तुझ्या हातचं मला चालत होतं. मी ती पेज ओतली त्याला कारण मी होतो, तू नव्हतीस. पेज कशी झाली होती असं तिनं विचारलं, तर मात्र खरं सांगा. माझ्यासाठी एवढ्या आपुलकीनं पेजेत लिंबू पिळणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही, आणि त्या दिवशी माझ्या तोंडाला चव नव्हती.